तेलाची वाटी आणि मायेचा हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण महाडहून कुणीतरी शिकलेल्या बाई बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की घरच्याच कुणीतरी बोलावे, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठाल्या विषयाला हात घालण्यापेक्षा ज्या विषयात माझे हात रोज बुडालेले असतात तोच घ्यावा असे मी ठरवले. तो विषय म्हणजे अंगाला तेल लावणे.

तुम्ही म्हणाल, यात भाषण करण्यासारखे काय आहे? पण आज शहरात याच कामाला मोठे नाव देऊन पाट्या लागल्या आहेत आणि तासाला हजार-हजार रुपये घेतले जातात. केरळात तर परदेशची माणसे खास तेवढ्यासाठी येऊन राहतात. आपल्या घरी मात्र तेलाची वाटी फक्त दोनदा बाहेर निघते, एकदा बाळंतिणीसाठी आणि एकदा नरकचतुर्दशीच्या पहाटे. त्या पहाटे उटणे लावायचे, कारीट फोडायचे, औक्षण करायचे, आणि मग उरलेले ३६४ दिवस कंबरेला हात लावून उठायचे, असा आपला नेम झाला आहे.

आपल्या भाषेतच पाहा ना. आपण नुसते न्हाणे म्हणत नाही, न्हाणे-माखणे म्हणतो. माखणे म्हणजे अंगाला तेल चोपडणे. जुन्या माणसांच्या लेखी अंघोळीची ती अर्धी बाजू होती. पाणी राहिले, माखणे गेले. वैद्यांच्या ग्रंथांत याला अभ्यंग म्हणतात. चरकाचार्यांनी फार सोपे दृष्टांत दिले आहेत. तेल मुरलेला घडा, तेल दिलेले चामडे, वंगण घातलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसे तेल लावलेले शरीर टिकते, असे त्यांचे सांगणे. वाग्भटाने तर अभ्यंग रोजच्या दिनचर्येत घातला आणि डोके व तळपाय यांना विसरू नका म्हणून बजावले. मात्र अजीर्ण झाले असता तेल लावू नये, असेही तोच सांगतो. म्हणजे जुन्या लोकांनीही केव्हा लावावे आणि केव्हा नाही याचा विचार केलेला होता. तो विचार आपणही सोडता कामा नये.

आता तेल लावल्याने होते तरी काय? दिवसभर वाकून काम केले की पाठीचे, मानेचे, पोटऱ्यांचे स्नायू आखडून त्यांच्या गाठी झाल्यासारख्या लागतात. चोळल्याने ते सैल पडतात, तिथले रक्त खेळते होते, कातडी मऊ राहते आणि दुखणे काही वेळ तरी कमी होते. मन शांत होते, झोप चांगली लागते. एवढे फायदे पुष्कळ झाले. याच्या पलीकडे कुणी सांगेल की मालिशीने चरबी वितळते, अंगातले विष बाहेर पडते, मधुमेह बरा होतो, तर त्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टर म्हणतात की जुनाट कंबरदुखीला मालिशीने तात्पुरता आराम पडतो, पण चालणे-फिरणे आणि सांगितलेले व्यायाम यांची जोड नसेल तर दुखणे परत येते. ही खरी गोष्ट आहे आणि ती आपण मान्य करावी.

तान्ह्या बाळाचे मात्र निराळे आहे. पायांवर बाळ आडवे घेऊन तेल लावण्याची आपली रीत साऱ्या जगाने आता मानली. लेबॉयर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कलकत्त्याला रस्त्याच्या कडेला बसून आपल्या बाळाला तेल लावणारी शांतला नावाची आई पाहिली आणि १९७६ साली तिच्यावर पुस्तक काढले. ब्राझील देशात बाळाच्या मालिशीला आजही शांतला हेच नाव आहे! एका गरीब बाईचे हात कुठल्या कुठे पोचले पाहा.

१९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड नावाच्या बाईंनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस चोळून पाहिले. दूध तेवढेच, पण या बाळांचे वजन इतरांपेक्षा शेकडा ४७ जास्त वेगाने वाढले. त्या देशात तोवर अशा नाजूक बाळाला शक्यतो हात लावू नये असे मानीत. पुढे २००५ साली आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास छापून आला. काही बाळांना खोबरेल तेल, काहींना बाजारातले खनिज तेल आणि काहींना नुसती पावडर लावून चोळले. खोबरेल तेलाच्या बाळांचे वजन सर्वांत चांगले वाढले. तेव्हा भगिनींनो, नातवासाठी जाहिरातीतली महाग बाटली आणण्यापूर्वी आपल्या परसातल्या माडाकडे एकदा वर पाहावे.

पण बाळाच्या बाबतीत आपल्या काही जुन्या चाली चांगल्या नाहीत, हेही इथेच बोलते. नाकात-कानात तेल सोडणे, डोक्याला आकार यावा म्हणून दाबणे, नवजात बाळाची छाती पिळणे, ओल्या नाळेवर तेल किंवा राख घालणे, अंघोळीनंतर धुरी देणे, या साऱ्या गोष्टी बंद झाल्या पाहिजेत. नाकातले तेल फुप्फुसात उतरते. छाती पिळल्याने गळू होते. नाळ कोरडी ठेवली तर ती आपोआप गळून पडते. आशाताई घरी येतात तेव्हा त्या हेच सांगतात आणि आपण 'हो हो' म्हणून पुन्हा आजीचेच ऐकतो. आजीचा हात घ्यावा, आजीची प्रत्येक समजूत घ्यायलाच हवी असे नाही. मोहरीचे तेलही बाळाच्या कोवळ्या कातडीला चांगले नाही. आणि चोळताना बाळ रडू लागले तर थांबावे. त्याला चांगले वाटावे म्हणून तेल लावायचे, त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही.

बाळंतिणीलाही तेल लावावे, पण शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज पोटाला हात लावू नये. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी खोलीत ठेवू नये. त्या धुराने माय-लेकरांचा जीव गुदमरतो, आणि कधी कधी तर धूर दिसतही नाही. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी.

आता आपल्या वयाच्या बायांकडे वळते. आपल्याकडे चिखलणी-लावणी म्हणजे काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. आषाढात दिवसच्या दिवस कमरेत वाकून भात लावायचा, संध्याकाळी येऊन चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभे राहायचे, उन्हाळ्यात लांबून पाण्याचे हंडे आणायचे. घरातल्या पुरुषाची पाठ धरली की आपण लगेच वाटी कोमट करतो. मुलाचा पाय मुरगळला की आपण बसतो. सासऱ्यांचे पाय आपण चेपतो. मग मला सांगा, तुमच्या पाठीला शेवटचा हात कुणी आणि केव्हा लावला? तुम्ही बाळंतीण असताना, होय ना? कुणाला त्याला वीस वर्षे झाली असतील, कुणाला तीस. माझे दुखते असे म्हणायलाही आपल्याला लाज वाटते. मी तेल लावून दे म्हटले तर लोक म्हणतील, हिला काय सोस! बाई मोडून पडली तर साऱ्या घराची घडी विस्कटते, हे मात्र कुणी मोजत नाही.

आणि आपल्याहून वाईट स्थिती आहे म्हाताऱ्या बायांची. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून घरोघर काय दिसते? मुलगे मुंबईला नाहीतर पुण्याला, सुना-नातवंडे त्यांच्याबरोबर, आणि इथे कुलपाशेजारी एक म्हातारी. पैसे येतात, फोन येतो, गणपतीला माणसे येतात. पण वर्षाचे बाकीचे दिवस तिच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागत नाही. आमच्या आळीत अशाच एक आजी आहेत. मागच्या थंडीत त्यांचे गुडघे धरले म्हणून मी खोबरेल तेल घेऊन गेले. गुडघे चोळून झाल्यावर पाठीला हात लावला तर त्या रडायला लागल्या. मी घाबरले, म्हटले दुखले का? तर म्हणाल्या, "नाय गो, दुखत नाय. हात लागला म्हणून." मला त्यावर काही बोलता आले नाही. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा जाते. त्यांचे गुडघे अजून दुखतात, वय ते वय. पण आता त्या सकाळी ओटीवर येऊन बसतात, चार माणसांशी बोलतात, जेवण नीट करून जेवतात. हा फायदा कोणत्या तेलाचा म्हणायचा ते तुम्हीच ठरवा.

आता थोडी कृती सांगते. तेल साधे घ्यावे, थंडीत तिळाचे आणि एरवी खोबरेल. पायाच्या भेगांना आमसुलाच्या बियांचे मुठेल आपल्याकडे आहेच. पण बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तिथे तेल घालू नये, ती जागा धुऊन कोरडी ठेवावी. तेल आचेवर न ठेवता वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. हातापायांना लांब हात फिरवावा, दाब हृदयाच्या दिशेने. सांध्यांवर गोल, हलक्या हाताने. पाठीला मणक्यावर न दाबता दोन्ही बाजूंना अंगठ्याने चोळावे. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. अर्धा तास मुरू द्यावे आणि मग कोमट पाण्याने न्हावे. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, तिथे जोर नको. आणि तेल लावून म्हातारीला लाद्यांवरून एकटे चालू देऊ नका. गुडघा बरा करता करता खुबा मोडायचा! तळपाय आधी पुसून घ्यावेत, न्हाणीत चवाळे अंथरावे आणि हात धरावा.

केव्हा लावू नये तेही लक्षात ठेवा. ताप असता, हाड मोडल्याची शंका असता, जखम, फोड किंवा गजकर्ण असलेल्या जागी चोळू नये. गरोदर बाईचे पोट चोळू नये. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडल्यावर, तर तिला बोटही लावू नका. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस घटकेत जातो. स्तनात गाठ लागली तर ती चोळून जिरवायची गोष्ट नव्हे. त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे, लाजू नये. छातीत कळ येऊन डाव्या हातात उतरली तर वात म्हणून तेल लावीत बसू नये. आणि पुरुषमंडळींना घरी जाऊन सांगा, दाढी-कटिंग करताना मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे आहेत.

या बाबतीत आपल्याच तालुक्यातली एक मोठी गोष्ट सांगते. आपल्याकडे लाल विंचू किती, ते सांगायला नको. पूर्वी विंचू चावला की मंत्र, पाला आणि चोळणे चाले, आणि धडधाकट माणूस, लहान मूल, रात्रीत जाई. १९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. त्यांनी रात्र-रात्र रोग्यांजवळ बसून पाहिले की विंचवाचे विष हृदयावर घाला घालते. पुढे प्राझोसिन नावाच्या औषधाने त्यांनी माणसे वाचवून दाखवली आणि विलायतेतल्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते लिहिले. विंचवाने मरणारी माणसे फार कमी झाली. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. यातून आपण काय घ्यायचे? जिथे औषध हवे तिथे चोळत बसून वेळ घालवायचा नाही. विंचू असो वा साप, चोळणे नाही, कापणे नाही, करकचून बांधणे नाही. हात-पाय हलवू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचे.

आपल्या सवला देवाने आणखी एक देणगी दिली आहे, ती म्हणजे गरम पाण्याचे झरे. ठाण्याकडच्या वज्रेश्वरीपासून पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि खाली थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची एक ओळच आहे. गावांची नावेसुद्धा उन्हावरून पडली आहेत. लांबलांबची माणसे आपल्या कुंडावर येतात, आणि आपण मात्र पाहुण्यांना दाखवण्यापुरते तिथे जातो. आखडलेल्या अंगाला तेल चोळून मग ऊन पाणी घेतले तर बरे वाटते, यात शंका नाही. मात्र तेलकट अंगाने कुंडात उतरू नये. पाणी सर्वांचे आहे. बाहेर काढून घेऊन न्हावे. ज्यांना मधुमेहाने पाय बधिर झाले आहेत त्यांना चटका कळत नाही. त्यांचे पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. गरोदर बाया आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी फार गरम पाणी टाळावे. अति तेथे माती, हे गरम पाण्यालाही लागू आहे.

आता मनातली एक गोष्ट बोलते. ती कुणाला कडू लागली तरी मंडळात नाही बोलायची तर कुठे बोलायची? आपल्या बाळंतपणात सव्वा महिना रोज येऊन ज्या बाईने आपल्याला आणि आपल्या लेकराला न्हाऊ-माखू घातले, तिला आपण काय दिले? एक लुगडे, नारळ, मूठभर तांदूळ आणि हातावर थोडे पैसे. कित्येक घरी ती मागल्या दाराने येते आणि मागल्या दाराने जाते. अजून काही घरांत तिच्या चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. भगिनींनो, आपण महाडच्या माणसे आहोत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ज्या गावात माणुसकीसाठी ओंजळीत घेतले गेले, त्या तालुक्यात आपण राहतो. जिच्या हातात आपण आठ दिवसांचे लेकरू निर्धास्त देतो, तिच्या हातचा कप आपल्याला चालत नाही, याला काय म्हणावे? अशा बाया आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या लेकी-सुना हे काम करायला तयार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. मान नाही, दाम नाही, तर का करावे? या बाया गेल्या की त्यांच्या बोटांतले ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल. ते कुठल्याही वहीत लिहिलेले नाही.

म्हणून मी मंडळापुढे चार सूचना ठेवते. पहिली, आठवड्यातली एक दुपार ठरवून आपण सभागृहात जमावे आणि दोघी-दोघींनी एकमेकींच्या पाठीला, मानेला तेल लावावे. दार लावून घेतले की लाजायचे कारण नाही. दुसरी, गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांची यादी करावी आणि आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीपाळीने आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे तेलाची वाटी घेऊन जावे. आधी त्यांना विचारावे आणि त्यांच्या औषधांची चौकशी करावी. तेलाचा खर्च मंडळाच्या शिलकेतून व्हावा. हळदीकुंकवाचे वाण यंदा एकाने कमी केले तरी तो निघेल. तिसरी, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा दर मंडळाने तिच्याशी बोलून ठरवावा, तो प्रत्येक घराने रोख द्यावा, आणि तिने पुढल्या दाराने यावे. चौथी, त्याच बाईंना इथे मानाने बोलावून त्यांच्याकडून आपल्या मुली-सुनांनी हात शिकून घ्यावा. त्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकाबाईंनाही बोलवावे, म्हणजे जुन्यातले चांगले राहील आणि वाईट गळून जाईल.

यावर काही जणी म्हणतील, आमचे आयुष्य गेले तेलावाचून, आम्ही काय मेलो? मेलो नाही हे खरे. पण कण्हत जगलो. आपल्या सुनांनी आणि लेकींनी तसेच जगावे असे आपल्यातल्या कुणालाच वाटत नाही. काही तरुण मुली म्हणतील, तेलकट वाटते, कपडे खराब होतात. त्यांना मी म्हणेन, जुने लुगडे अंथरा आणि एकदा करून पाहा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

या कामाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, सातवीपेक्षा जास्त शिक्षणही लागत नाही. लागते एक वाटी तेल, पाऊण तास वेळ आणि समोरच्या माणसाविषयी थोडी माया. त्यातली पहिली वाटी मी आज बरोबर आणली आहे. ती मंडळाच्या कपाटात ठेवून जाते. पुढल्या वर्षी ती रिकामी झालेली दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे.